सात नंबरची दुसरी चिठ्ठी

धाकट्या जावेच्या डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला, की घराला आग लागली तरी तिला पत्ता नसतो, असं त्या घरातले सगळेच म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. आताही आग लागल्यासारखीच परिस्थिती होती म्हणा. थोरल्या जावेची नोकरी जायची वेळ आली होती, जेवायच्या टेबलावर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि ही बाई मंगळवारी सकाळपासून खिडकीजवळ कॉम्प्युटर मांडून एकच बटण दाबत बसली होती. दाबायचं, पडद्याकडे बघायचं, "एकच," असं पुटपुटायचं, आणि पुन्हा दाबायचं.

झालं होतं ते असं. थोरली नर्स, एकाच इस्पितळात बावीस वर्षं. धाकटी त्याच इस्पितळाचे प्रोग्राम लिहायची. डॉक्टरनं आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर औषध लिहिलं की वॉर्डातल्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर यायची. नर्सनं ती फाडायची, औषध द्यायचं आणि चिठ्ठी पेशंटच्या फाइलला टाचायची. एक चिठ्ठी, एक डोस. तो प्रोग्राम धाकटीनंच तीन वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि तीन वर्षं तो कुरकुर न करता चालला होता.

आठ दिवसांपूर्वी सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. दुपारी सव्वा वाजता डॉक्टरनं त्यांना झोपेचं औषध लिहिलं. सकाळपाळीच्या नर्सनं चिठ्ठी फाडली, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली म्हणून ती तशीच पळाली, मग औषध दिलं, चिठ्ठी टाचली. फाइल डॉक्टर घेऊन गेले. दोन वाजता थोरली कामावर आली तर प्रिंटरला एक चिठ्ठी लोंबत होती. सात नंबर, झोपेचं औषध. फाइल जागेवर नव्हती, चिठ्ठी होती. तिनं औषध दिलं. संध्याकाळी फाइल परत आल्यावर ती आपली चिठ्ठी टाचायला गेली. अगदी तशीच चिठ्ठी तिथं आधीच होती. तोच नंबर, तेच औषध, सव्वा वाजताचीच वेळ. ती स्वतः धावत मेट्रनकडे गेली आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

शिंपीबुवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले आणि उठून म्हणाले, अशी झोप तीस वर्षांत लागली नव्हती. ते हसले. त्यांची मुलगी हसली नाही. तिनं तक्रार केली, आणि तिचं काय चुकलं? बाप उठलाच नसता तर?

मग चौकशी. कॉम्प्युटरच्या नोंदीत डॉक्टरची मागणी एकच आणि ती छापल्याची खूणही एकच. मग दुसरी चिठ्ठी काय आभाळातून पडली? मेट्रनबाईंनी नाकावरचा चष्मा वर सारला आणि सरळच बोलून टाकलं, "डोस चुकून दिला. मग ते लक्षात आलं. आणि अंगाशी येऊ नये म्हणून चिठ्ठी बनवून घेतली. प्रोग्रामवाली जाऊ घरातच आहे की!" त्याच दुपारी धाकटीला इस्पितळाच्या मशीनला हात लावायला बंदी झाली. तिच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या, पासवर्ड बदलले. थोरलीला घरी बसवलं.

पण धाकटी घरी होती आणि प्रोग्रामची जुनी प्रत तिच्याजवळ होती. दुसरी चिठ्ठी कुठून आली, हे तिला हवं होतं. हवं होतं म्हणजे कसं, तर भूक लागल्यासारखं.

घरात तिला पेलणारा माणूस एकच, तिचे सासरे. चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले, आणि आता वाटायला काही उरलं नाही म्हणून दिवसभर प्रश्न वाटत फिरणारे. दोघं मुलगे सकाळी कामावर गेले की ते खुर्ची ओढून धाकटीच्या शेजारी येऊन बसत.

"पोरी, हे बटण दाबलं की आत होतं काय, ते तरी सांग."

"बाबा, माझा प्रोग्राम चालू होतो. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणायचं. त्याच्या अंगावर दोन कामं. एक, चिठ्ठी छापायची. दुसरं, औषधाच्या भांडाराला कळवायचं की आमच्याकडे एवढं औषध लागलं. आता या दुसऱ्या कामात वेळ जातो. म्हणून तो ऑपरेटिंग सिस्टमला म्हणतो, माझ्यासारखाच आणखी एक करून दे."

"आणि ती देते?"

"देते की! त्या हाकेला फोर्क म्हणतात. गंमत बघा, हाक एकदाच मारायची, उत्तर मात्र दोघांना येतं. जो आधीचा होता त्यालाही आणि जो आत्ता झाला त्यालाही. दोघं हुबेहूब. डोक्यात तेच, हातात तेच, दोघंही त्याच ओळीवर उभे. आधीच्याला उत्तर येतं, तुझं पोर अमुक नंबरचं. नव्याला उत्तर येतं शून्य. शून्य आलं की समजायचं, आपण पोर."

"अरेच्चा! म्हणजे जन्मल्याजन्मल्या आधी विचारायचं, मी बाप का पोर?"

"अगदी तेच."

"आमच्या वेळी हे सुईणीला बघूनच कळायचं," सासरे म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. "बरं, मग ते पोर काय करतं?"

"ते दुसरी हाक मारतं, एक्झेक. म्हणतं, मला भांडारवाला कर. तसं केलं की त्याचं जुनं सगळं पुसलं जातं. बापाकडून आलेलं डोक्यातलं, हातातलं, सगळं. नंबर तेवढा तोच. आणि भांडाराचा प्रोग्राम त्याच्या जागी उभा राहून कामाला लागतो."

"आणि नाही झालं तसं तर?"

"तीनदा प्रयत्न करतं, दर वेळी दहा-दहा सेकंद थांबून. नाहीच जमलं तर आपलं संपतं. पण तसं कधी होत नाही हो."

असं ती म्हणाली खरी. माणूस 'तसं कधी होत नाही' असं म्हणतो ना, तिथंच खणायला पाहिजे. पण हे शहाणपण सगळ्यांना नंतर येतं, तिलाही नंतरच आलं.

बुधवारपर्यंत तिनं चारशेवर वेळा बटण दाबलं. चारशे वेळा पडद्यावर एकच चिठ्ठी. तिनं दोन बटणं एकदम दाबून पाहिली, मध्येच कॉम्प्युटर दमवून पाहिला, घड्याळ मागे करून पाहिलं. एकच! तिची चिडचिड होत होती आणि, खरं सांगायचं तर, तिला मजाही येत होती.

ती मजा थोरलीला दिसली, तिथं बिनसलं.

थोरली त्या आठ दिवसांत निम्मी झाली होती. कामावर जायचं नव्हतं तरी रोज सकाळी गणवेश धुऊन वाळत घालायची, दुपारी इस्त्री करायची आणि कपाटात ठेवायची. बुधवारी दुपारी ती इस्त्री करता करताच म्हणाली, "मी शुक्रवारी सही करून टाकणार आहे."

"कसली सही, ताई?" धाकटीनं पडद्यावरून नजर न हलवता विचारलं.

"त्यांनी लिहून आणलंय. 'घाईत माझ्याकडून चूक झाली.' एवढीच ओळ. सही केली तर वॉर्ड सुटेल, कपड्यांच्या विभागात बसवतील, पण नोकरी राहील. नाही केली तर बडतर्फ, आणि नर्सचा परवानाही जाईल. अकरा वाजता शेवटची बैठक आहे."

"पण तुम्ही घाईत नव्हता ना!"

"मला माहीत नाही गं आता." इस्त्री तिनं बाजूला ठेवली. "आधी मला लखलखीत आठवत होतं, चिठ्ठी लोंबत होती, मी फाडली. आता रोज वाटतं, खरंच लोंबत होती का? का मी फाइलवरचीच वाचली आणि मनानं... सगळे एवढे खात्रीनं सांगतात. बावीस वर्षांत माझ्या हातून कधी झालं नाही, म्हणजे होणारच नाही असं थोडंच आहे?"

अशा वेळी शहाणं माणूस उठून जवळ जातं. धाकटी काय म्हणाली? "पण ताई, तुम्ही चुकला असं धरलं तरी दुसरी चिठ्ठी आली कुठून?"

"तुला ना," थोरली एवढ्या जोरात म्हणाली की आतल्या खोलीतून सासरे डोकावले, "तुला माझं काहीही पडलेलं नाही! तुझं कोडं सुटलं पाहिजे बस्! इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू डोळे चमकवत बसलीयेस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं!"

धाकटीचा चेहरा उतरला. ते निम्मं खरं होतं, म्हणूनच फार लागलं. तिनं खुर्ची पडद्याकडून थोरलीकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "ताई, चौकशीचे कागद मला वाचायला द्याल?"

थोरलीनं कपाटातून कागद काढले आणि इस्त्रीच्या टेबलावर टाकले. "घे. आणखी एक कोडं."

गुरुवारचा सगळा दिवस धाकटी ते कागद वाचत होती. तक्रारीचे सहा मुद्दे होते. पाचवा असा: 'सदर दिवशी सात नंबरच्या पेशंटला दिलेल्या औषधाची भांडारात नोंद आढळत नाही, सबब औषध गैरमार्गाने घेतल्याचा संशय येतो.' सगळ्यांनी हा मुद्दा थोरलीच्या नावावर टाकून पान उलटलं होतं. धाकटीनं तो पाच वेळा वाचला आणि सहाव्यांदा वाचताना ती ताडकन उभी राहिली.

"बाबा! डोस दोन दिले आणि भांडारात नोंद एकाचीही नाही!"

"मग?"

"मग पहिला डोस तर राजरोस होता ना! डॉक्टरनं लिहिला, सकाळच्या नर्सनं दिला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. त्याची नोंद तरी पाहिजे होती. ती करायला माझं पोर जातं. त्या दिवशी ते भांडारात पोचलंच नाही!"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. चाळीस वर्षं टपालात काढलेला माणूस तो, न पोचलेल्या गोष्टींबद्दल त्याला वेगळंच ममत्व. "मग गेलं कुठं?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं भांडाराच्या कारकुनाला फोन लावला. मशीनला हात लावायची बंदी होती, फोनला नव्हती. तो गडी आधी म्हणाला, सव्वा वाजता आपण जेवत होतो, आपल्याला काही माहीत नाही. मग घास गिळून म्हणाला, "हां, त्याच दिवशी बाई, आमचा प्रोग्राम बदलायला माणूस आला होता. जुना काढला, नवा घातला. लागली असतील पाच-दहा मिनिटं. कशाला विचारताय?"

तिनं आभार मानायच्या आधीच फोन ठेवला. त्या पाच-दहा मिनिटांत भांडारवाला होऊ पाहणाऱ्या पोराला भांडारवाला सापडलाच नसणार. घरच्या कॉम्प्युटरवरून तिनंही भांडाराचा प्रोग्राम उचलून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर चिठ्ठी आली. दहा सेकंद. वीस. तीस. पोर तीनदा धडपडलं आणि संपलं.

एकच चिठ्ठी.

तिनं पुन्हा दाबलं. गुरुवारी संध्याकाळी जेवायला हाका मारीपर्यंत दाबत होती. एकच, एकच आणि एकच. सगळं जुळत होतं आणि नेमकं इथंच घोडं पेंड खात होतं. शेवटी ताटावर बसल्यावर ती थोरलीला म्हणाली, "ताई, अजून एक दिवस थांबता येईल का?" थोरली म्हणाली, "नाही," आणि पाण्याचा पेला भरून घेतला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजताच थोरली इस्त्रीचा गणवेश घालून निघून गेली. घर एकदम रिकामं झालं. धाकटी कॉम्प्युटरपुढे बसली होती, पण आता तिच्या डोळ्यांत चमकबिमक काही नव्हती. सासरे शेजारी येऊन बसले.

"काल भांडारवाला काढून टाकून काय केलंस ते मला दाखव."

"एकच येतेय, बाबा."

"ती एक तरी बघू दे. पण या पडद्यावर नको. ही अक्षरं म्हणजे मुंग्या आहेत नुसत्या. कागदावर दे, मोठ्या अक्षरांत."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिनं त्यांना टोलवलं असतं. आज तिच्यात वाद घालायचंही त्राण नव्हतं. चिठ्ठी पडद्यावर न दाखवता फाइलमध्ये लिही असं तिनं प्रोग्रामला सांगितलं, बटण दाबलं, आणि प्रिंटरमध्ये कागद नव्हता म्हणून आत जाऊन घेऊन आली. कागद घातला, फाइल मोठ्या अक्षरांत छापली आणि सासऱ्यांच्या हातात दिली.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "दोनदा कशाला? एकदा पुरलं असतं."

"एकदाच आहे ते."

"अगं, मला दिसत कमी असलं तरी मोजता येतं."

तिनं कागद ओढूनच घेतला. सात नंबर, झोपेचं औषध, वेळ नऊ वाजून चाळीस मिनिटं. त्याच्याखाली पुन्हा सात नंबर, झोपेचं औषध, नऊ वाजून चाळीस मिनिटं.

तिनं तोंडावर हात ठेवला. तिनं तेच पुन्हा पडद्यावर करून पाहिलं: एक. फाइलमध्ये: दोन. पडद्यावर एक, फाइलमध्ये दोन. ती वेडीपिशी होऊन हसायला लागली. "बाबा, बघितलं की एक आणि पाठ फिरवली की दोन!"

"भुताटकी म्हणायची का काय?"

"नाही हो, थांबा, थांबा." ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली आणि मोठ्यानं बोलू लागली. "पडद्यावर लिहायचं असलं की प्रोग्राम एकेक ओळ लगेच देऊन टाकतो. कारण समोर माणूस बसलेलं असतं. पण फाइलला नाही तर प्रिंटरला द्यायचं असलं, की तो एकेक ओळ घेऊन पळत नाही, साठवून ठेवतो. जागा भरली की, नाही तर संपताना, सगळं एकदम टाकतो. त्याला बफर म्हणतात."

"हे मात्र आमच्यासारखंच की! साहेब बघत असला की एकेक पत्र दारात नेऊन द्यायचं. नसला की पिशवीत साठवायचं आणि घरी जाता जाता उरकायचं." सासऱ्यांना आता विषय चांगलाच सापडला होता. "मग त्यानं पोर मागितलं तेव्हा पिशवीत काय होतं?"

धाकटी थांबली. "चिठ्ठी. अजून टाकली नव्हती."

"आणि पोर हुबेहूब, म्हणालीस. हातात तेच."

"पोराच्या पिशवीतही तीच चिठ्ठी." ती खाली बसली. "एरवी पोर भांडारवाला होतं, मग जुनी पिशवी पुसलीच जाते, म्हणून तीन वर्षं कळलं नाही. त्या दिवशी त्याला भांडारवाला होता आलं नाही. अर्धं मिनिट धडपडलं. आणि संपता संपता पिशवीतली चिठ्ठी टाकून गेलं. तोवर सकाळची नर्स पहिली चिठ्ठी घेऊन पळाली होती."

"गुणी निघालं म्हणायचं. हातातलं काम पुरं करून गेलं." सासऱ्यांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी साधंच विचारलं, "पण मग पोर मागायच्या आधी बापानं पिशवी रिकामी करायची की नाही?"

"करायची. एका ओळीचं काम आहे."

"कुणी लिहायची ती ओळ?"

"मी," धाकटी म्हणाली.

चार दिवस ती दुसऱ्याची चूक शोधल्यासारखी हिंडत होती. मेट्रनची, भांडाराची, मशीनची, कुणाचीही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. थोरलीचं निम्मं झालेलं अंग, ते रोज इस्त्री होणारे गणवेश, सगळं तिच्याच एका न लिहिलेल्या ओळीपायी! आणि शिंपीबुवा? वर जाऊन हे सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. न सांगता नुसतं 'मशीन बिघडलं होतं' म्हटलं तरी थोरली सुटली असती, हेही तिच्या मनात येऊन गेलं. आलं हे खरं आहे, लपवण्यात काय अर्थ.

"बाबा, किती वाजले?"

"सव्वादहा."

तिनं चपला घातल्या.

इस्पितळाच्या त्या लांबट खोलीत ती पोचली तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. टेबलाच्या डोक्याला अधीक्षक डॉक्टर, बाजूला मेट्रन, समोर शिंपीबुवांची मुलगी, आणि मधल्या खुर्चीत थोरली. तिच्या पुढ्यात कागद आणि हातात पेन.

"ताई, थांबा!" धाकटी दारातूनच म्हणाली. "दुसरी चिठ्ठी होती."

"तुम्हाला इथं यायची परवानगी नाही," मेट्रन म्हणाल्या.

"मी कशाला हात लावणार नाही. डॉक्टरसाहेब, तुम्हीच बटण दाबा. वॉर्डात प्रोग्राम चालतो तोच, इथल्या रिकाम्या मशीनवर. फक्त भांडाराचा प्रोग्राम जागेवरून काढायला सांगा, त्या दिवशी काढला होता तसा."

डॉक्टरांनी तिच्याकडे, मग थोरलीकडे पाहिलं. थोरलीचं पेन कागदाला टेकलेलंच होतं. त्यांनी इस्पितळाच्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं कोपऱ्यातल्या मशीनला वॉर्डातला प्रिंटर जोडला आणि आधी मोठ्यानं वाचून दाखवलं की प्रोग्रामला शेवटचा हात तीन वर्षांपूर्वी लागला आहे. मग त्यानं भांडाराचा प्रोग्राम काढला. डॉक्टरांनी स्वतः सात नंबर लिहिला, औषध लिहिलं आणि बटण दाबलं.

प्रिंटर करकरला. चिठ्ठी आली. मेट्रननं ती फाडून वर धरली. "एक."

"अर्धं मिनिट," धाकटी म्हणाली.

अर्धं मिनिट किती मोठं असतं ते त्या खोलीतल्या माणसांना विचारा. मेट्रननं घड्याळ पाहिलं. शिंपीबुवांच्या मुलीनं पर्सचा बंद दोनदा सोडला आणि लावला. तंत्रज्ञानं उगाच वायर हलवून पाहिली आणि धाकटी त्याच्यावर खेकसली. डॉक्टर म्हणाले, "आता बहुतेक..." आणि प्रिंटर पुन्हा करकरला.

दुसरी चिठ्ठी कुणीही फाडली नाही. ती तशीच लोंबत राहिली. थोरली खुर्चीतून उठली, तिथवर गेली, वाकून ती वाचली आणि मग हलक्या हातानं फाडली, अगदी वॉर्डात फाडायची तशीच.

"होती," ती म्हणाली. "लोंबतच होती. मला वेड नाही लागलेलं."

मेट्रननं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सिस्टर, मी बोलले ते चुकले." आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, हे त्यांच्या पदरात घालायलाच पाहिजे.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे मशीनचा दोष."

धाकटीनं मान हलवली. "नाही, साहेब. मशीननं सांगितलं तेच केलं. सांगितलं मी. दुसरी प्रोसेस तयार करायच्या आधी जे छापायचं ते छापून मोकळं व्हायला पाहिजे, ती एक ओळ मी लिहिली नाही. चूक माझी आहे."

शिंपीबुवांची मुलगी पहिल्यांदाच बोलली. "आणखी कितीजणांना अशी दुसरी चिठ्ठी गेली असेल?"

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. "तीन वर्षांच्या नोंदी आहेत. भांडारात न पोचलेलं एकेक पोर शोधावं लागेल. मला बसू दिलंत तर मी शोधीन. नाही दिलंत तर कसं शोधायचं ते लिहून देईन."

डॉक्टरांनी थोरलीपुढचा कागद काढून घेतला, फाडला, आणि एक कोरा कागद धाकटीपुढे सरकवला. "आधी हे झालेलं लिहून द्या. बाकीचं नंतर ठरवू."

ती खुर्चीत बसली. तिनं लिहिलं, 'घाईत माझ्याकडून एक ओळ लिहायची राहिली.' सही करायला पेन खाली नेलं, तर थोरलीनं तिचं मनगट धरलं. ती कधी मागे येऊन उभी राहिली होती ते कळलंच नव्हतं.

"तू घाईत होतीस?"

"नाही, ताई. दोन महिने लागले होते लिहायला."

"मग असं लिहू नकोस." थोरली रागावलेली होती, आणि तो राग काही एवढ्यात जाणारा नव्हता, तिनं मनगट सोडलं नाही. "सोपं पडतं म्हणून लिहू नकोस. झालं ते लिही."

धाकटीनं ती ओळ खोडली. मग लिहिलं, 'मी प्रोग्राम फक्त पडद्यावर तपासला. वॉर्डात चिठ्ठी प्रिंटरवर निघते, हे मला माहीत होतं, पण प्रिंटरवर मी एकदाही तपासला नाही.'

थोरलीनं ते सावकाश वाचलं, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं, वरून खाली आणि पुन्हा एकदा.

"आता कर सही," ती म्हणाली आणि मनगट सोडलं.